‘हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे’ : नवख्या प्रोग्रामरच्या शंकेचा इतिहास

१/२३
पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर भूगाव मागे पडले की पिरंगुटच्या आधी भुकूम लागते. मुळशी तालुक्यातल्या या गावात आता शेतांच्या शेजारी गृहसंकुले उभी आहेत. समजा, तिथल्या एका घरात रात्री उशिरा एक विद्यार्थिनी पायथन भाषेतला आपला पहिलावहिला प्रोग्राम लिहीत बसली आहे. ओळीच्या आरंभी सोडायची मोकळी जागा चुकली आणि प्रोग्राम अडला. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रोग्रामरांच्या एका जगप्रसिद्ध संकेतस्थळावर शंका विचारली. काही मिनिटांतच शेरा आला : हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे. प्रश्न बंद.

२/२३
या कोरड्या शेऱ्यामागे अनेक दशकांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत कुलाब्याला घडला. संगणक जेव्हा जेव्हा नव्या लोकांच्या हाती गेला, तेव्हा तेव्हा जुन्या जाणकारांना नवख्यांचे प्रश्न जाचक वाटले. आणि प्रत्येक वेळी पुढच्या पिढीचे ज्ञानभांडार त्याच प्रश्नांतून उभे राहिले. हा इतिहास यंत्रांचा कमी आणि अडलेल्या माणसांचा अधिक आहे.

३/२३
आरंभी सगळेच नवखे होते. १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ‘एनिॲक’ हा संगणक जगापुढे आला. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिख्टरमन या सहा स्त्रियांनी त्याचे प्रोग्रामिंग केले. त्यांच्यापुढे पाठ्यपुस्तक नव्हते, प्रोग्रामिंगची भाषाही नव्हती. यंत्राचे जोडणी-आराखडे पाहायचे, ते बांधणाऱ्या अभियंत्यांना विचारायचे आणि उरलेले आपापसांत सोडवायचे, हीच त्यांची शाळा होती. जगातल्या पहिल्या प्रोग्रामरांपैकी काही जणी अशा प्रश्न विचारतच शिकल्या.

४/२३
१९५५ साली अमेरिकेत आयबीएमचे मोठे संगणक वापरणाऱ्या संस्थांच्या ध्यानात आले, की प्रत्येक जण एकच कोडे स्वतंत्रपणे सोडवत बसला आहे. त्यांनी ‘शेअर’ नावाचा वापरकर्त्यांचा गट स्थापन केला आणि एकमेकांचे प्रोग्राम व अनुभव वाटून घ्यायला सुरुवात केली. एकाला मिळालेले उत्तर सर्वांच्या कामी यावे, ही कल्पना इथे संघटित झाली. मात्र या गटाचे दार संगणक बाळगणाऱ्या संस्थांनाच उघडे होते. एकट्यादुकट्या नवख्याला तिथे जागा नव्हती.

५/२३
भारतात ही कथा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुरू होते. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९५६ मध्ये प्रायोगिक संगणक आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक सिद्ध झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. त्याची स्मृती होती अवघ्या २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. प्रोग्राम यंत्रभाषेतच लिहावा लागे. बांधणारे आणि वापरणारे एकाच छताखाली वावरत. शंका आली, की शेजारच्या टेबलापर्यंत जायचे, एवढेच.

६/२३
१९६४ मध्ये त्याच संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हा बलाढ्य अमेरिकी संगणक आला आणि चित्र पालटले. देशभरातील विद्यापीठांची व संशोधनसंस्थांची गणिते त्यावर होऊ लागली. आता यंत्र वापरणारा माणूस यंत्र बांधणारा राहिला नव्हता. तो भौतिकीचा अभ्यासक होता, अभियंता होता, संख्याशास्त्रज्ञ होता. त्याला फोर्ट्रान भाषेची तोंडओळख पुरेशी असे, यंत्राचे अंतरंग माहीत नसे. खऱ्या अर्थाने ‘नवखा’ हा वर्ग आपल्याकडे इथे जन्माला आला.

७/२३
त्याची चूक कशी असे, हे पाहण्याजोगे आहे. प्रोग्रामची प्रत्येक ओळ ८० रकान्यांच्या एका जाड कार्डावर छिद्रांच्या रूपाने उतरवावी लागे. फोर्ट्रानमध्ये पहिले पाच रकाने ओळीच्या क्रमांकासाठी, सहावा मागील ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी, आणि प्रत्यक्ष आज्ञा सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत. नवख्याने चुकून सहाव्या रकान्यापासूनच लिहायला सुरुवात केली, तर यंत्र ती ओळ मागच्या ओळीचे शेपूट समजे. एका मोकळ्या जागेपायी सारा प्रोग्राम कोलमडे.

८/२३
चूक लगेच कळत नसे, हा त्यातला खरा जाच. कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा, यंत्रापुढच्या रांगेत त्याचा नंबर लागेपर्यंत थांबायचे, आणि मग छापील कागदावर चुकांची यादी हाती यायची. एका स्वल्पविरामाची किंमत कित्येक तास, कधी अख्खा दिवस. म्हणून माणसे गठ्ठा देण्यापूर्वी कागदावर ओळ न् ओळ तपासत आणि जाणत्याला गाठून विचारत. पण तो प्रश्न आणि त्याचे उत्तर दोघांतच राही. दुसऱ्या दिवशी दुसरा नवखा तिथेच ठेचाळे.

९/२३
या विखुरलेल्या शंकांना पहिले टिकाऊ घर मिळाले ते पाठ्यपुस्तकांत. आयआयटी कानपूरमध्ये १९६३ साली ‘आयबीएम १६२०’ आला आणि तिथे व्ही. राजारामन यांनी फोर्ट्रान शिकवायला घेतले. वर्गातल्या टिपणांतून तयार झालेले त्यांचे सुबोध पुस्तक १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि देशभरातल्या विद्यार्थ्यांपर्यंत गेले. चांगले पाठ्यपुस्तक म्हणजे तरी काय? शेकडो विद्यार्थी जिथे जिथे अडले, त्या जागांचा लेखकाने लक्षात ठेवलेला नकाशा.

१०/२३
पुढच्या दोन दशकांत प्रोग्रामिंग हा व्यवसाय झाला. मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे ‘एनसीएसटी’त, पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू होते. पुण्यात १९८१ साली इन्फोसिसची स्थापना झाली, १९८८ मध्ये ‘सी-डॅक’ उभे राहिले आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक साकारला. या जगात शंका विचारायची ती वरिष्ठाला. ज्याला नोकरी, त्याला वरिष्ठ. ज्याला वरिष्ठ, त्याला उत्तर. कंपनीच्या किंवा संस्थेच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाने कोणाला विचारायचे, याचे उत्तर नव्हते.

११/२३
ते उत्तर दूरवर आकार घेत होते. १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांनी संगणकांना फोनच्या तारेने जोडून निरोपांची देवाणघेवाण करण्याची कल्पना मांडली. तिचे नाव ‘यूजनेट’. विषयवार गट पडले, त्यांत ‘सी’सारख्या प्रोग्रामिंग भाषांचेही गट आले. इथे एक मूलभूत बदल झाला. दोघांतला प्रश्न आता चारचौघांत आला. उत्तर देणारा अनोळखी होता, आणि वाचणारे हजारो.

१२/२३
भारताचा या जगाशी दुवा जुळला तोही मुंबईतून. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे उभारायला घेतले. जुहूचे एनसीएसटी आणि पवईची आयआयटी ही त्यातली आरंभीची ठाणी. एस. रमणी यांच्या पुढाकाराने दशक संपण्यापूर्वी परदेशाशी ई-टपालाची ये-जा सुरू झाली. पण हा दरवाजा मोजक्या संस्थांतल्या मोजक्या लोकांसाठीच होता. राज्यातल्या बहुतांश महाविद्यालयांना त्याची वार्ताही नव्हती.

१३/२३
यूजनेटवर एक नवीच अडचण उद्भवली. दर सप्टेंबरात अमेरिकी विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, त्यांना जाळ्यावर खाते मिळे आणि तेच ते प्रश्न पुन्हा सुरू होत. तोडगा म्हणून जुन्या सभासदांनी वारंवार येणाऱ्या प्रश्नांच्या याद्या केल्या. ‘एफएक्यू’ हे आज बँकेपासून पासपोर्टपर्यंत सर्वत्र दिसणारे प्रकरण याच वातावरणात रुजले. स्टीव्ह समिट यांनी जपलेली ‘सी’ भाषेची प्रश्नावली तर पुढे पुस्तकरूपाने आली. ही यादी नवख्यासाठी सोय होती. पण ‘आधी ती वाच, मग बोल’ असा उंबरठाही होती.

१४/२३
मार्च १९९४ मध्ये ‘अमेरिका ऑनलाइन’ या कंपनीने आपल्या लक्षावधी घरगुती ग्राहकांना यूजनेट खुले केले. नवख्यांची वार्षिक लाट आता बारमाही झाली. जुन्या मंडळींनी चिडून या काळाला ‘कधीच न संपणारा सप्टेंबर’ असे नाव दिले आणि त्याची गणना १९९३ च्या सप्टेंबरपासून धरली. त्यांची तक्रार खोटी नव्हती. उत्तरे देणारे हात तेवढेच होते आणि विचारणारे अनेक पटींनी वाढले होते. पण ज्याला ते ऱ्हास म्हणत होते, त्यालाच दुसऱ्या बाजूचे लोक प्रवेश म्हणत होते.

१५/२३
भारताचा सप्टेंबर १५ ऑगस्टला उजाडला. १९९५ साली त्या दिवशी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. आरंभीच्या शहरांत मुंबई होती, पाठोपाठ पुणे आले. काही वर्षांत सायबर कॅफे गल्लोगल्ली निघाले. तिथे घड्याळाच्या काट्यावर पैसे मोजावे लागत, म्हणून प्रश्न घरूनच वहीत लिहून न्यायचा आणि उत्तर आल्यास छापून आणायचे. सन २००० च्या संगणकीय संकटापायी प्रोग्रामरांना मागणी वाढली होती. मराठी माध्यमातून आलेली मुले मोठ्या संख्येने या क्षेत्रात उतरली.

१६/२३
२००१ मध्ये एरिक रेमंड यांनी रिक मोएन यांच्यासह ‘प्रश्न शहाणपणाने कसा विचारावा’ या आशयाचा एक मार्गदर्शक लेख प्रसिद्ध केला. आधी स्वतः शोधा, नेमके काय केले आणि काय घडले ते सांगा, चूक दाखवणारा लहानात लहान नमुना द्या. सल्ला अचूक होता, सूर मात्र चढा. आणि त्यात एक पेच दडलेला होता. चूक नेमकी वेगळी काढून दाखवायची, तर तिचे मर्म अर्धेअधिक कळलेले हवे. ज्याला प्रश्न नीट विचारता येतो, तो उत्तराच्या जवळ आलेलाच असतो. खरा नवखा त्याआधीच अडतो.

१७/२३
२००८ च्या सप्टेंबरात जेफ ॲटवुड आणि जोएल स्पॉल्स्की यांचे ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ सुरू झाले. चांगल्या उत्तराला मते, मतांनुसार क्रम, आणि एकच प्रश्न पुन्हा आला तर ‘पुनरावृत्ती’ म्हणून बंद. इथे एक तत्त्व होते. प्रश्न विचारणाऱ्या एकट्याचा नसतो, तो पुढे शोधत येणाऱ्या हजारोंचा असतो. पुनरावृत्तीचा शेरा हा त्या अर्थी ग्रंथपालाचा शिक्का होता : हे पुस्तक आपल्याकडे आहे, त्या कपाटात पाहा. पण रात्री एकटे बसून अडलेल्याला तो शिक्का थोबाडीसारखा लागे.

१८/२३
अडलेल्या एकाला मदत करणे आणि सर्वांसाठी ग्रंथालय उभारणे, ही दोन्ही कामे सत्कार्येच. एकाच खिडकीवर ती करू गेले की संघर्ष अटळ होतो. एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोनेच जाहीरपणे मान्य केले, की नवखे, स्त्रिया आणि उपेक्षित गटांतील लोक यांना ही जागा परकी वाटते. त्यानंतर वर्तनसंहिता बदलली आणि नव्या सभासदाच्या प्रश्नापुढे ‘हा नवा आहे’ अशी खूण दिसू लागली. दहा वर्षांत लाखो उत्तरे साठवणाऱ्या या वसाहतीला विचारणाऱ्याची आठवण उशिरा झाली.

१९/२३
महाराष्ट्रातल्या नवख्यापुढे आणखी एक भिंत होती, भाषेची. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी आवृत्त्या निघाल्या. मराठी वा हिंदी आवृत्ती निघाली नाही. बारावीपर्यंत मराठीत शिकलेल्या विद्यार्थ्याला आधी चूक समजून घ्यावी लागे, मग ती इंग्रजीत मांडावी लागे. त्याच्या प्रश्नातील तुटक वाक्ये पाहून वाचणाऱ्याला तो आळशी वाटे. वस्तुतः तो एकाच वेळी दोन भाषांशी झुंजत असे, एक यंत्राची आणि एक परक्या माणसांची.

२०/२३
या भिंतीला खिंडार पाडण्याचा एक गंभीर प्रयत्न पवईच्या आयआयटीत झाला. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्पाने सी, जावा, पायथन, लिनक्स यांचे छोटे ध्वनिचित्रपाठ तयार केले आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे ध्वनिमुद्रण केले. शंका विचारताना विद्यार्थ्याने फक्त सांगायचे, की कोणत्या पाठात, कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला अडले. रेमंड यांच्या पेचावर हा साधा उपाय होता. चुकीचे मर्म कळलेले असण्याची अट नाही, जागा दाखवली की पुरे. शिवाय पाठाची संहिता पक्की होण्यापूर्वी ती एखाद्या नवख्याकडून तपासून घेण्याचा दंडक ठेवला. म्हणजे नवखा इथे परीक्षार्थी न राहता परीक्षक झाला.

२१/२३
मराठीला हे सर्वस्वी नवे नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींभोवती जमलेल्या अनुयायांत महदाइसा होती, आणि तिच्या जिज्ञासेचे स्वामींनी कौतुक केल्याचे महानुभाव वाङ्मय सांगते. स्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी अनुयायांकडे फिरून आठवणी जमवल्या. त्यातून सिद्ध झालेल्या ‘लीळाचरित्रा’त कितीतरी प्रश्न आणि त्यांची उत्तरे जतन झाली आहेत. केशिराजबासांसारखे पंडित संस्कृतकडे वळू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण मग पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील. कोणाच्या भाषेत विचारायचे आणि सांगायचे, यावरच दाराच्या आत कोण येणार हे ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

२२/२३
३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ खुले झाले. आता नवखा मराठीत विचारू शकतो, शंभर वेळा तेच विचारू शकतो, आणि कोणी खेकसत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोने ५ डिसेंबरलाच यंत्रलिखित उत्तरांवर बंदी घातली, कारण ती आत्मविश्वासाने चुकीची असत. पुढे तिथे येणाऱ्या नव्या प्रश्नांचा ओघ झपाट्याने आटला. मे २०२४ मध्ये त्या संकेतस्थळाने चॅटजीपीटीच्या निर्मात्या कंपनीशीच करार केला. माणसांनी चारचौघांत विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरे ही अशा यंत्रांच्या शिक्षणाची मोलाची शिदोरी. पण यंत्राला खासगीत विचारलेला प्रश्न पुन्हा दोघांतच राहतो, १९६४ च्या कुलाब्यासारखा. मागून येणाऱ्याला तो सापडत नाही.

२३/२३
भुकूमच्या त्या विद्यार्थिनीची चूक होती एका मोकळ्या जागेची. सहाव्या रकान्यात अडखळणाऱ्या फोर्ट्रानच्या नवख्याचीही तीच. मधल्या काळात यंत्रे लक्षावधी पटींनी वेगवान झाली, माणूस मात्र तिथेच अडखळतो आणि तिथूनच शिकतो. तिचा प्रश्न ‘आधीच विचारला गेला’ होता, हे खरेच आहे. कोणीतरी तो पहिल्यांदा विचारण्याचे धैर्य केले, कोणीतरी न कंटाळता उत्तर दिले आणि ते सर्वांसाठी उघडे ठेवले, म्हणून तर तो शेरा मारता आला. जाणकारांचे सारे भांडार हे नवख्यांचे देणे आहे. ते फेडायची जागा एकच : पुढचा नवखा दारात येईल तेव्हा.